पहिल्या बाटलीआधी : एक प्रस्तावना

मराठीत ‘मज्जा’ या शब्दाची तीन घरे आहेत. पहिले पोरांचे : सुट्टीत मामाच्या गावी करायची ती मज्जा. दुसरे मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था यांचे. म्हणजे मेंदू, पाठकण्यातून उतरणारी दोरी आणि तिथून अंगभर पसरलेल्या नसा. तिसरे घर हाडांच्या पोकळीतले. तिथे लालसर मऊ लगदा असतो आणि त्यात दिवसरात्र रक्त तयार होत असते. या पुस्तकाचा विषय तिसऱ्या घरातला आहे. वाचक मात्र बहुधा दुसऱ्या घराच्या दारातून आत येतो आणि तिथेच घोटाळा होतो.

भिवंडीत रक्ततपासणीची प्रयोगशाळा चालवताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : ‘डॉक्टर, मोठ्याला धाकट्याची मज्जा दिली, तर धाकटा पुढे नीट चालेल ना?’ विचारणारी आई शिकलेली असो वा नसो, प्रश्न हाच. मराठी माणूस शब्दामुळे घाबरतो. उर्दू, तेलुगू किंवा भोजपुरी बोलणारा सुईच्या जागेमुळे घाबरतो, कारण कुणाच्या तरी पाठीतले पाणी काढलेले त्याने पाहिलेले असते आणि ही सुईही मागूनच टोचतात. उत्तर साधे आहे. सुई मणक्यात जात नाही. ती कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेत जाते, पॅन्टचा पट्टा टेकतो त्याच्या थोडी खाली. मज्जारज्जूचा तिथे संबंधच येत नाही. दात्याला भूल देतात, काही दिवस कंबर ठणकते आणि काढलेली मज्जा चार ते सहा आठवड्यांत भरून येते. एवढे पटले की आई पुढचा प्रश्न विचारते. तो सहसा पैशांचा असतो.

अस्थिमज्जा रोपण किंवा मूळपेशी रोपण, रुग्णालयाच्या बोलीत नुसते ‘बीएमटी’, या क्षेत्रात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे : परिचारिका, डीएमएलटीचे विद्यार्थी, गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर, आणि ज्यांच्या घरात हा शब्द अचानक शिरला आहे असे नातेवाईक. या सगळ्यांनी यावे. विषय अवघड आहे अशी त्याची ख्याती असली, तरी त्याचा गाभा ज्याने शेत किंवा कारखाना पाहिला आहे त्याला कळण्यासारखा आहे. मी स्वतः रोपण करणारा डॉक्टर नाही. रुग्ण ज्या टोकाहून निघतात, त्या अलीकडच्या टोकाला मी बसतो. आणि माझे म्हणणे असे, की या उपचाराचे बरेचसे भवितव्य मुंबईच्या रोपण कक्षात पोहोचण्याआधी इथेच ठरून गेलेले असते. पुढची प्रकरणे रोपण कक्षाची आहेत, म्हणून प्रस्तावनेत अलीकडचे बोलून घेतो.

आधी मज्जा दिसते कशी ते पाहू. तपासणीची सुई हाडाच्या टणक थरातून आत शिरली की हाताला एकदम सैल लागते. सिरिंज जोडून दट्ट्या ओढला की रुग्ण कळवळतो. कातडी आणि हाडाचा वरचा पापुद्रा बधिर करता येतो, ती ओढ मात्र बधिर होत नाही. हे त्याला आधी सांगून ठेवावे, म्हणजे तो दचकत नाही. थेंबभर मज्जा पुरते. काचपट्टी तिरकी धरली की रक्त ओघळून जाते आणि मागे बारीक कण उरतात, भिजलेल्या रव्यासारखे. हे कण आले म्हणजे मज्जा आली. मग पट्टी पसरायची, वाळवायची, तिच्यावर लिशमनचा रंग ओतायचा आणि घड्याळ बघत थांबायचे.

निरोगी मज्जेत सगळ्या वयांच्या पेशी दिसतात : नुकत्या जन्मलेल्या, अर्धवट वाढलेल्या, रक्तात उतरायला निघालेल्या. भिवंडीच्या माणसाला सांगायचे तर तो चालू यंत्रमागाचा कारखाना आहे. कुठे कांडी भरतेय, कुठे भीम चढतोय, कुठे ग्रे कापडाचा तागा उतरतोय. ॲप्लास्टिक ॲनिमियात तोच कारखाना बंद पडलेला दिसतो. माग उभे, माणूस नाही. पेशींच्या जागी चरबीचे रिकामे गोल. तीव्र रक्तकर्करोगात माणसांची गर्दी आहे, पण सगळी एकाच चेहऱ्याची, आणि कामाला कुणाचाच हात नाही. थॅलेसेमिया मेजरची गोष्ट सर्वांत करुण : तिथे तिन्ही पाळ्यांत काम चालते, तागे उतरत राहतात आणि बहुतेक माल सदोष निघून कारखान्याच्या आतच नष्ट होतो. तीन आजार, तीन चित्रे. तिन्हींत एक उपाय असा सुचतो, की कारखान्यातली मूळची माणसेच बदलावीत. हजारो पेशींत एखादीच अशी असते, जी स्वतःसारखी दुसरीही घडवते आणि लाल, पांढऱ्या, बिंबिका अशा सगळ्या पेशींची आईही होते. तिला मूळपेशी म्हणतात. हा मराठी शब्द मला इंग्रजीपेक्षा बरा वाटतो. इंग्रजी शब्द खोडापाशी थांबतो, आपला मुळाशी जातो.

रक्त हाडांत तयार होते हे माणसाला फार उशिरा कळले. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत रक्त दुसरे आणि मज्जा सहावी. रक्ताचे मूळ यकृत आणि प्लीहेत मानलेले आहे. गर्भापुरते ते खरेही आहे, कारण गर्भात काही महिने रक्त तिथेच बनते. मज्जेला तिचा मान १८६८ साली मिळाला, कोनिग्सबर्गच्या अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीच्या जुलिओ बिझोझेरो यांच्यामुळे. पुढची प्रगती अणुबॉम्बच्या सावलीत झाली. किरणोत्सर्गाने माणसे मरतात ती मज्जा जळून, हे दिसल्यावर उंदरांवर प्रयोग सुरू झाले. मारक किरण दिलेल्या उंदराला निरोगी उंदराची मज्जा टोचली की तो वाचतो, हे १९५० च्या सुमारास स्पष्ट झाले. टोरोंटोत मॅककुलॉक हे एका रविवारी प्रयोगशाळेत आले आणि अशा उंदरांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजत बसले. जितकी मज्जा टोचली तितक्या गाठी, असा हिशेब त्यांना दिसला. मॅककुलॉक आणि त्यांचे सहकारी टिल यांनी १९६१ साली तो मांडला, आणि प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती असते हे पुढे सिद्ध झाले. मूळपेशी या कल्पनेला पहिला भक्कम पुरावा मिळाला तो त्या रविवारच्या मोजणीतून.

माणसांवरचा इतिहास इतका गोड नाही. अमेरिकेतल्या डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांचा अहवाल दिला. त्यांतले कुणी वाचले नाही. १९५८ साली युगोस्लाव्हियातल्या व्हिंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला, तेव्हा किरणोत्सर्ग लागलेल्यांना पॅरिसला नेऊन झॉर्झ माते यांनी अनोळखी फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. १९७० साली तोवरच्या सुमारे दोनशे रोपणांचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांत यशस्वी म्हणावीत अशी अगदी मोजकी निघाली. बहुतेकांनी हा नाद सोडला. थॉमस मात्र कुत्र्यांवर प्रयोग करीत राहिले आणि ऊती जुळवण्याचे तंत्र हाती येण्याची वाट पाहत राहिले. ते तंत्र पॅरिसच्या झाँ दोसे यांच्या शोधातून आले. थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळाले. हे क्षेत्र अपयशातून किती वेळा उठले आहे, हे नव्या विद्यार्थ्याला माहीत असावे. वॉर्डात वाईट आठवडा आला की उपयोगी पडते.

आणि मग मुंबई. २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. आजार मायलॉइड जातीचा रक्तकर्करोग. हे भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा रोपण. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीवर वावरतात. सिॲटलला थॉमस यांच्या संस्थेत ते हे तंत्र शिकून आले होते. पुढे २००२ साली पद्मश्री आणि २०१२ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. १९८३ साली काय नव्हते याची यादी केली तर त्या कामाचा अंदाज येतो. पांढऱ्या पेशी लवकर वर आणणारे इंजेक्शन तेव्हा बाजारात आलेले नव्हते, बुरशीवरची आजची सौम्य औषधे नव्हती, पेशी मोजायची आजची यंत्रे नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ साली थॅलेसेमियासाठी रोपण सुरू केले. आज भिवंडीहून निघालेला रुग्ण परळला, टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेकला किंवा मूल असेल तर बोरिवलीच्या महापालिका केंद्रात जाऊ शकतो. अंजूरफाट्याच्या आणि कशेळी पुलाच्या गर्दीतून काढावे लागणारे तास तेवढे हिशेबात धरावेत.

रोपण म्हटले की नातेवाईक ऑपरेशन थिएटरचा दरवाजा शोधतात. रुग्णासाठी तसे काही नसते. रक्ताच्या बाटलीसारखी एक पिशवी टांगतात, ती छातीतल्या शिरेत घातलेल्या नळीतून काही तासांत उतरते. ‘एवढ्यासाठी एवढे लाख?’ असे एका आजोबांनी मला नंतर विचारले होते. पिशवीतल्या पेशी रक्तातून फिरत फिरत आपण होऊन हाडांत शिरतात. त्यांना वाट दाखवावी लागत नाही. अवघड भाग असतो त्याआधीचा आणि नंतरचा.

भिवंडी म्हणजे नुसती मागांची खडखड आणि गोदामे नव्हेत. तालुक्याच्या गावांत अजून भात लावतात, आणि पावसाआधी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, कवळ पसरून तुकडा जाळून काढायचा, म्हणजे तणाचे बी मरते आणि पेरलेले भात मोकळ्या जमिनीत उगवते. रोपणाआधी दिली जाणारी तीव्र केमोथेरपी, कधी तिच्या जोडीला अंगभर किरण, हा शरीराचा राब आहे. जुनी मज्जा जाळायची आणि नव्या पेशींना परके समजून हाकलून देणारी रुग्णाची प्रतिकारशक्तीही दाबून टाकायची. उपमा एका जागी मोडते, ती जागा सांगायला हवी : शेतातली राख जमिनीला खत होते, इथे जळण्याचा फायदा शरीराला काही नाही. तोंड सोलवटते, केस जातात, पुढे मूल होण्याची क्षमता बहुधा जाते. ही शेवटची गोष्ट मुलीच्या आईला रोपण झाल्यावर सांगणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. ती आधीच सांगायची असते.

पेशी दिल्या तो दिवस शून्य. तिथून ‘डे प्लस’ मोजतात. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर उतरतात आणि काचेबाहेर उभा असलेला बाप रोज सकाळी एकच विचारतो, ‘आजचे काउंट?’ दोन ते चार आठवड्यांत संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिला की रोप रुजले म्हणतात. वॉर्डात त्या दिवशी पेढे येतात. रुग्णाला ते खाता येत नाहीत.

रुजल्यावर दुसरे संकट उभे राहू शकते. मूत्रपिंड किंवा यकृत बसवले तर शरीर त्या अवयवाला परके समजते. इथे उलटे घडते. नवी मज्जा म्हणजे नवी प्रतिकारशक्ती, आणि ती घरमालकालाच परका ठरवून त्याची कातडी, आतडे, यकृत यांच्यावर तुटून पडते. तळहातांवरचे लाल चट्टे ही बहुधा तिची पहिली खूण. पण हीच वृत्ती कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशी टिपून मारते, म्हणून तिला पूर्ण दाबूनही चालत नाही. कर्करोगासाठी केलेल्या रोपणातली निम्मी कला या तोलात आहे असे मी रोपणतज्ज्ञांकडून ऐकत आलो आहे. थॅलेसेमियात मारायला कर्करोगच नसतो, त्यामुळे तिथे या हल्ल्याचा काहीच फायदा नाही.

आता जुळण्याबद्दल. परळच्याच केईएममध्ये १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला, त्यामुळे रक्तगटाबद्दल आपल्याकडे एक अभिमान आहे. इथे मात्र रक्तगट दुय्यम. भावाचा ओ आणि बहिणीचा बी असला तरी रोपण होते, आणि काही महिन्यांनी बहिणीचा गट ओ होतो. तिच्या रक्ताच्या पेशींत भावाची गुणसूत्रे दिसू लागतात. जुळावे लागते ते एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण. आईच्या हातात दोन पत्ते, बापाच्या हातात दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक मिळतो. म्हणून एका भावंडाचे जुळण्याची शक्यता चारात एक. ‘चार मुले आहेत म्हणजे एकाचे जुळणारच’ असे लोक धरून चालतात. ते चूक आहे. रुग्णाखेरीज तीन भावंडे असली तरी निदान एकाचे जुळण्याची शक्यता शंभरात अठ्ठावन्नच्या आसपास राहते. थॅलेसेमिया मायनर असलेले भावंड दाता होऊ शकते, हेही पुष्कळांना माहीत नसते आणि चांगला दाता तपासणीशिवाय घरी बसतो.

भिवंडीत याला आणखी एक पदर आहे. इथल्या अनेक घरांत चुलत, मावस भावंडांत लग्ने होतात. मराठी घरांतही मामाच्या मुलीशी लग्न काही नवल नाही. अशा लग्नांमुळे थॅलेसेमियासारखे आजार घरात येण्याची शक्यता वाढते, हे सगळे सांगतात. दुसरी बाजू क्वचितच कुणी सांगतो : अशा घरात बाप, आई किंवा चुलता पूर्ण जुळून येण्याची शक्यताही वाढते. म्हणून भावंडे जुळली नाहीत तर शोध तिथे थांबवू नये. एरवीही आता अर्धवट जुळणाऱ्या दात्यांचा मार्ग खुला झाला आहे. रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, स्वस्त औषध दिले की नव्या पेशींतल्या भांडकुदळ तेवढ्या मरतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेल्या या युक्तीने आईबापांनाच दाता करून टाकले, आणि नोंदणीकृत दाते कमी असलेल्या आपल्यासारख्या देशाला तिचा मोठा आधार झाला.

आता मी म्हटलेल्या अलीकडच्या टोकाकडे येतो. थॅलेसेमियाच्या रोपणाचे निकाल कशावर ठरतात हे इटलीतल्या पेसारोच्या गुइदो लुकारेल्ली यांनी १९८० च्या दशकापासून मांडले. त्यांनी तीन प्रश्न विचारले : यकृत किती वाढले आहे, यकृतात घट्ट तंतू झाले आहेत का, आणि लोह काढायचे औषध नियमित घेतले होते का. तिन्ही उत्तरे चांगली असलेल्या मुलांचे निकाल उत्तम, तिन्ही वाईट असलेल्यांचे फार वेगळे. या तिन्हींतला एकही प्रश्न रोपण कक्षातला नाही. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जाते आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. लोह काढायची, पाण्यात विरघळवून द्यायची गोळी मूल थुंकते, चव घाणेरडी असते, महिना काटकसरीचा असतो, आणि रक्त चढले की मूल हसायला खेळायला लागते. मग गोळी मागे पडते. लोहाचा साठा दाखवणारा फेरिटिनचा आकडा दर तीन महिन्यांनी माझ्या छापील कागदावर चढत जाताना मी पाहतो. बाप कागद घडी करून खिशात ठेवतो. आठव्या वर्षी भावाचे एचएलए जुळते आणि तोवर यकृत बरगडीखाली चार बोटे उतरलेले असते.

ॲप्लास्टिक ॲनिमियाची चूक वेगळी, आणि ती प्रेमापोटी होते. रक्त हवे म्हटले की इथे रांग लागते. भाऊ, चाचा, मेहुणा, बाजूच्या खोलीतला कारागीर. सख्ख्या नात्यातले रक्त ‘चांगले’ अशी समजूतही आहे. ज्याला पुढे भावाची मज्जा लागू शकते, त्याला भावाचे किंवा जवळच्या नात्यातले रक्त देऊ नये. शरीर त्या ओळखीच्या विरोधात आधीच तयार होते आणि नंतर मज्जा नाकारते. भावाने रक्त जरूर द्यावे, ते रक्तपेढीतून दुसऱ्या कुणाला जावे.

आणि पावसाळा. जुलै ते ऑक्टोबर ‘पेशी कमी झाल्या’ याचा भिवंडीत एकच अर्थ, डेंग्यू. पपईच्या पानांचा रस सुरू होतो. बहुतेकांना डेंग्यूच असतो आणि आठवड्यात आकडा वर येतो. ज्याचा येत नाही, हिमोग्लोबिनही घसरते आहे, पांढऱ्या पेशीही कमी आहेत, हिरड्यांतून रक्त येते आहे, त्याच्या रक्ताची पट्टी माणसाच्या डोळ्यांनी पाहायला हवी. यंत्राचा आकडा पुरत नाही. एका मुलाला तीन आठवडे डेंग्यू म्हणून ठेवलेले मी पाहिले आहे. पट्टी मी लावली तेव्हा नवे काही शिकण्यासारखे नव्हते, सगळ्या पेशी एकाच चेहऱ्याच्या होत्या.

रोपण कधी लागत नाही, हेही पाहुण्याला सांगावे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा एकेकाळी रोपणाचा मुख्य आजार. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि त्यातले बहुतेक रुग्ण रोपणातून सुटले. मायलोमा आणि लिम्फोमात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी आधी काढून ठेवतात, जोरदार औषध देतात आणि त्या परत देतात. हा खरे तर औषधाच्या मोठ्या मात्रेचा आधार आहे. त्या औषधाच्या वेळी रुग्णाला बर्फाचे खडे चघळायला देतात, तोंडातल्या शिरा आकसतात आणि फोड कमी येतात. इतक्या महागड्या उपचारात इतका स्वस्त उपाय सापडला की मला बरे वाटते. गोठवलेल्या पेशी परत देताना खोलीत लसणीसारखा वास सुटतो. तो साठवणीच्या द्रवाचा असतो, घाबरू नये.

नाळेतले रक्त खासगी बँकेत ठेवा, असा आग्रह प्रसूतीच्या तोंडावर होतो. थॅलेसेमिया असलेल्या बाळाला स्वतःच्या नाळेचे रक्त उपयोगाचे नाही, कारण दोष त्यातही असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सरसकट खासगी साठवणीची शिफारस केलेली नाही. आणि गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ टोचणाऱ्या जाहिरातींचा या पुस्तकाशी संबंध नाही. रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांतले रोपण हा सिद्ध उपचार आहे. बाकीच्याला आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रयोगाच्या चौकटीबाहेर जागा नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ साली सुरू झालेली थॅलेसेमिया बाल सेवा योजना निवडक रुग्णालयांत रोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत देते. मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीतही अस्थिमज्जा रोपण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा समावेश आहे. अर्ज वैद्यकीय समाजसेवा विभागातून भरावेत, दलालांकडून नव्हे. घरी परतल्यावरचा खर्च कोणत्याच योजनेत मावत नाही : वेगळी खोली, उकळलेले पाणी, बंद गच्चीवरची कबुतरे दुसरीकडे पाठवणे, आणि लहानपणच्या सगळ्या लसी पहिल्यापासून पुन्हा घेणे, कारण नवी मज्जा जुन्या लसी विसरलेली असते.

क्षेत्र पुढे सरकते आहे. पवईच्या आयआयटीत घडलेली आणि टाटा मेमोरियलच्या साथीने तपासलेली नेक्सकार१९ ही पेशीचिकित्सा ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते देशाला मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींना कर्करोग ओळखायला शिकवणारी ही पद्धत आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलसाठी जनुक-संपादनाला मान्यता मिळाली. बातम्यांत तिला रोपणाची सुट्टी म्हटले गेले. प्रत्यक्षात दुरुस्त केलेल्या पेशी परत घालण्याआधी तिथेही राब भाजावाच लागतो. म्हणून या पुस्तकातली प्रकरणे इतक्यात जुनी होणार नाहीत.

वाचकाला, त्यातही इथल्या सहकाऱ्यांना, एक विनंती करून थांबतो. फिकट, पोट फुगलेले, आठ-दहा महिन्यांचे मूल रात्री येते, हिमोग्लोबिन चार असते आणि आपण लगेच रक्त मागवतो. ते बरोबरच आहे. पण एकदा दुसऱ्याचे रक्त अंगात मिसळले की हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी सुमारे तीन महिने गढूळ होते आणि मुलाच्या लाल पेशींची मूळ ओळखही नीट काढता येत नाही. ती ओळख पुढच्या प्रत्येक पिशवीला, आणि नशिबाने रोपणापर्यंत गेले तर तिथेही, लागणार असते. तेव्हा पहिली बाटली लावण्याआधी जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त काढून घ्या, वर नाव, तारीख आणि वेळ लिहा, आईबापांचेही एकेक नमुने घ्या, आणि मग बाटली लावा.